ग्रानादातल्या सुट्ट्या अन् पाण्यामागची भटकंती

स्पेनच्या ग्रानादात शनिवार-रविवार मोकळा मिळाला की मी पाण्यामागं हिंडते. म्हणजे खरोखर, हे पाणी कुठून निघालं, कुठल्या पाटानं आलं, कुणाच्या पाळीला चाललंय हे बघत, कधी डोंगरात तर कधी जुन्या गल्लीबोळात. माझ्या वर्गातल्या बऱ्याच पोरांनी सुट्ट्यांमधे स्वस्तातली विमानं पकडून पॅरिस केलं, रोम केलं, लिस्बन केलं, त्यांचे फोटो मी मन लावून बघितले अन् छानच आहेत ते, पण मला स्पेनमधे जो आनंद सापडला तो बसनं दोन-अडीच तासांवरच्या डोंगरात, चिखलात उभं राहून दगड उपसताना सापडला, अन् त्याबद्दल लिहायचं लई दिवसांपासून मनात होतं.

मी इथं डेटा सायन्समधे मास्टर्स करतेय, त्यामुळं अभ्यासाचा अन् पाण्याचा काडीचा संबंध नाही, हे सगळं सुट्टीतलं वेड. पण वेडाला कारण आहे. आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत. 2016 चा उन्हाळा आमच्या भागात कुणी विसरणार नाही, मांजरा धरण कोरडं पडलेलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अन् त्याच वर्षी गावागावांतली पाणी अडवायची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली ती वरूड, कोरेगाव अन् अंबाजोगाई या तीनच तालुक्यांत. मी तेव्हा शाळेत होते. पहाटे आईसोबत घमेलं घेऊन श्रमदानाला जायचं, ऊन वर यायच्या आत परत. सलग समतल चर, बांधबंदिस्ती, माथा ते पायथा हे शब्द मला भूगोलाच्या पुस्तकाआधी तिथं कळले. त्यामुळं ग्रानादात आल्यावर जेव्हा पहिल्यांदा ऐकलं की इथल्या डोंगरात आठशे-हजार वर्षांपूर्वी खोदलेले पाट अजून चालू आहेत, तेव्हा मला राहवेना.

आधी शहराचं सांगते. ग्रानादा साधारण 700 मीटर उंचीवर वसलंय अन् पाठीमागं सिएरा नेवाडाचे डोंगर, त्यातलं मुलासेन शिखर जवळपास 3,480 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीपेक्षा उंच. उन्हाळ्यात इथं पाऊस जवळजवळ नसतोच, जून ते ऑगस्ट ठणठणीत कोरडं. जे काय पडायचं ते थंडीत पडतं अन् डोंगरात बर्फ होऊन बसतं. म्हणजे पिकाला पाणी पाहिजे तेव्हा आभाळ बंद, अन् बर्फ वितळतं ते वसंतात, तेव्हा सगळं पाणी एकदम खाली धावतं. या एका अडचणीतून इथली सगळी व्यवस्था उभी राहिलीय असं मला वाटतं.

अल्हांब्रा म्हणजे मुसलमान राजांचा टेकडीवरचा किल्ला अन् महाल, तो बघायला सगळं जग येतं. तिथल्या नासरी घराण्याच्या महालांच्या तिकिटावर वेळ छापलेली असते, ठरलेल्या अर्ध्या तासातच आत शिरावं लागतं, अन् आत गेल्यावर लोक माना वर करून छताचं नक्षीकाम बघतात. ते बघण्यासारखंच आहे, पण मी खाली बघत फिरले. संगमरवरी फरशीत खोदलेल्या बोटभर खोल नाल्या, खोलीतून अंगणात अन् अंगणातून खोलीत जाणाऱ्या, अन् मधे ते 12 सिंहांचं कारंजं. हे पाणी टेकडीवर चढवलेलं नाहीये, दार्रो नदीवर वर सहाएक किलोमीटरवर बांध घालून, तिथून डोंगराच्या कुशीकुशीनं उतार सांभाळत पाट आणलाय, असेकिया रेआल म्हणतात त्याला, अन् तो 13व्या शतकातला आहे. मोटार नाही काही नाही. शेजारच्या हेनेरालिफे बागेत एक जिना आहे, त्याच्या दोन्ही बाजूंच्या कठड्यांवरून पाणी वाहतं, म्हणजे कठड्यावर हात ठेवून चढायला गेलं की हात गार पाण्यात. जुलैच्या उन्हात मी त्या जिन्यावरून उगाच वरखाली करत बसले, सोबतची माझी कोलंबियाची रूममेट पुढं जाऊन परत आली तरी मी तिथंच.

अल्हांब्राच्या समोरच्या टेकडीवर अल्बायसीन नावाचा जुना मोहल्ला आहे, पांढरी घरं, दगडगोट्यांच्या चढत्या गल्ल्या. तिथं जमिनीखाली पाण्याचे जुने हौद आहेत, अल्हीबे म्हणतात, मुसलमानी राजवटीत मशिदींच्या शेजारी अन् चौकात बांधलेले, विटांच्या कमानींचे. वीसपेक्षा जास्त अजून टिकून आहेत. एका रविवारी मी ठरवून एकेक शोधत फिरले, कुठं बंद लाकडी दार, कुठं लोखंडी जाळी, बरेचसे आतून बघता येत नाहीत पण बाहेरची विटांची कमान दिसली तरी मला पुरतं. सगळ्यात मोठा अल्हीबे देल रेय, त्यात साधारण 300 घनमीटर पाणी मावायचं, म्हणजे 3 लाख लिटर. आपल्याकडच्या भाषेत 12 हजार लिटरचे 25 टँकर. हे आकडे मी मनातल्या मनात टँकरमधेच मोजते, आमच्याकडच्या कुणालाही हीच सवय असणार.

या हौदांना पाणी यायचं ते अल्फाकार गावच्या एका मोठ्या झऱ्यावरून, आयनादामार नावाच्या पाटानं. त्या झऱ्यापासून शहराकडं पायी येता येतं, पाईनची झाडं, ऑलिव्हच्या बागा, पाट कुठं दिसतो कुठं मातीखाली गडप होतो. चालताना मला सारखी संभाजीनगरची नहर-ए-अंबरी आठवत होती. मलिक अंबरनं 17व्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून पाणी आणलं, पाणचक्कीलाही तसंच डोंगरातून खापराच्या नळांनी पाणी आलं, नुसत्या उताराच्या जोरावर. शाळेच्या सहलीत पाणचक्की बघून आम्ही आईस्क्रीम खाऊन परत आलो होतो. परत गेले की पहिल्यांदा ती नहर जिथपर्यंत दिसते तिथपर्यंत चालत जाणार आहे, हे ठरवून टाकलंय.

खाण्याचं थोडक्यात. ग्रानादात अडीच-तीन युरोचं काही प्यायला घेतलं की सोबत एक छोटी प्लेट खायला फुकट मिळते, तापा म्हणतात, अन् विद्यार्थ्यांचं निम्मं जेवण त्यावर निघतं. मी शाकाहारी, त्यामुळं प्लेट येण्याआधी सांगावं लागतं, मग वांग्याचे तळलेले काप वर उसाची काकवी घातलेले मिळतात, ते मला प्रचंड आवडतात. काकवी इथं कुठून आली ते पुढं सांगते.

आता खरा विषय, आल्पुहारा. सिएरा नेवाडाच्या दक्षिण उताराला हा भाग, पांपानेइरा, बुबियोन, कापिलेइरा अशी एकावर एक दरीच्या कडेला चिकटलेली गावं. पहिल्यांदा गेले तेव्हा बसमधून उतरल्या उतरल्या मी घरी व्हिडिओ कॉल लावला, कारण समोर सगळी माळवदं! खरंच माळवदं. लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या नाहीतर दगडी पातळ फरश्या, अन् वर लाउना नावाची राखाडी चिकणमाती दाबून सपाट केलेलं छत, जिच्यातून पाणी खाली झिरपत नाही. आमच्या गावात जुन्या वाड्यांवर पावसाळ्याच्या आधी पांढरी माती टाकायचे तसं इथं लाउना टाकतात. आबांनी फोन डोळ्याजवळ नेऊन बघितलं अन् म्हणले, "पोरी, हे तर आपलंच गाव दिसायलंय की, नुसता चुना जास्त मारलाय." मग लगेच दुसरा प्रश्न, "तिथं पाऊस किती पडतो?" शेतकरी माणूस, आधी हेच विचारणार.

त्या गावांमधे जाण्याचं कारण म्हणजे श्रमदान. ग्रानादा विद्यापीठात मेमोलॅब नावाची एक पुरातत्त्वाची प्रयोगशाळा आहे, होसे मारिया मार्तिन सिवांतोस हे तिचे प्रमुख, अन् ही मंडळी जुन्या असेकिया म्हणजे पाट साफ करून परत चालू करतात, गावकरी, विद्यार्थी अन् बाहेरचे स्वयंसेवक सोबत घेऊन. 2014 मधे कान्यार नावाच्या गावची, कित्येक वर्षं बंद पडलेली एक असेकिया त्यांनी अशीच चालू केली, तिथून हे काम वाढत गेलं. पुरातत्त्ववाले म्हणलं की आपल्याला वाटतं कुंपण घालून पाटी लावणारे, इथं ते स्वतः खोरं घेऊन पाटात उतरतात, मला हे फार भावलं. विद्यापीठातल्या एका फलकावर मी त्यांच्या कामाची माहिती वाचली अन् नाव नोंदवून टाकलं.

पाट म्हणजे सिमेंटचा कालवा डोळ्यासमोर आणू नका. डोंगराच्या अंगावर खोदलेला, दोन-तीन फूट रुंद, तळाला माती, खालच्या बाजूला दगडाची ताल, कडेनं चेस्टनटची झाडं. हिवाळ्यात त्यात दगड घरंगळतात, पाला साचतो, काटेरी झुडपं वाढतात. ते सगळं काढायचं. एकेकाला काही पावलांचा तुकडा वाटून देतात, तो झाला की पुढं जायचं. आमच्यात मोरोक्कोची एक मुलगी होती, अर्जेंटिनाचा एक पोरगा, माद्रिदचे काही जण, अन् गावातली साठी-सत्तरीची माणसं जी आमच्यापेक्षा दुप्पट वेगानं काम करत होती. मी खोरं धरलेलं बघून गावातल्या एका आजोबांनी विचारलं, तुला हे येतं कसं. मी माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधे सांगितलं की आमच्याकडं गावच्या गाव उन्हाळ्यात हेच करतं, अन् मग ते दुपारपर्यंत माझ्याशीच बोलत होते. इथले लोक शब्दांची शेवटची अक्षरं खातात, निम्मं मला कळत नव्हतं, पण पाण्याबद्दल बोलणं असल्यामुळं कसं की कळत गेलं.

ते आजोबा गावचे असेकेरो होते, म्हणजे आपल्याकडचे पाटकरी. पाणी कुणाला कधी, किती वेळ, दारं कुठं उघडायचं कुठं बुजवायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, अन् ज्याची पाळी आहे त्यानं वसंतात साफसफाईला यायचं किंवा मजुरीचे पैसे भरायचे, हा नियम. त्यांनी मला पावसाचं विचारलं. मी सांगितलं, मराठवाड्यात पावसाळ्यात सरासरी 680 मिलिमीटरच्या आसपास. ते थांबले अन् परत विचारलं, किती? कारण ग्रानादा शहरात वर्षभरात 350-400 मिलिमीटर पडतो. वर बर्फ आहे हे धरलं तरी त्यांना ते पटेना की इतका पाऊस पडून गावाला टँकर कसा लागतो. मी त्यांना आमचा काळा खडक सांगितला, चार-दोन दिवसांत कोसळून जाणारा पाऊस सांगितला, ऊन सांगितलं, अन् ऊससुद्धा सांगितला. हे सगळं खरं आहे, दोन्हीकडचा खडक अन् हवामान वेगळं आहे हे मला माहितीय, तरी त्यांचा तो प्रश्न मी अजून मनातून काढू शकले नाहीये.

अन् आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात आवडलेलं. इथं दोन जातीचे पाट आहेत. एक शेताला पाणी नेणारे, ते कळण्यासारखं आहे. दुसरे करेओचे पाट, हे फार वर, बर्फाच्या जवळून निघतात अन् शेताला जातच नाहीत. वसंतात बर्फ वितळायला लागलं की त्याचं पाणी या पाटांनी वळवून डोंगरावर अशा जागी सोडून देतात जिथं जमीन पाणी पिते. बस, सोडून द्यायचं. ते पाणी जमिनीत मुरतं, खडकाच्या भेगांतून हळूहळू खाली सरकतं अन् काही आठवड्यांनी, महिन्यांनी खालच्या अंगाला झऱ्यांतून निघतं, नेमकं उन्हाळ्यात, जेव्हा पाऊस नसतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं की अमुक ठिकाणी पाणी सोडलं तर तमुक झरा वाहणार. बेर्चुलेस गावच्या खोऱ्यात स्पेनच्या भूगर्भ संस्थेच्या लोकांनी याच्यावर रीतसर अभ्यास केलाय, अन् युरोपातल्या सगळ्यात जुन्या पुनर्भरण पद्धतींमधे याला गणतात. आपले पाझर तलाव अन् चर हेच करतात, पाणी धावतंय त्याला चालायला लावायचं, चालतंय त्याला थांबवायचं, हे आम्ही श्रमदानात घोकलेलं, अन् इथं 1492 मधे मुसलमानी राज्य संपलं त्याच्याही आधीपासून लोक ते करतायत! 16व्या शतकात इथल्या मोरिस्को लोकांना, म्हणजे ख्रिस्ती करून घेतलेल्या मुसलमानांना, बंडानंतर हाकलून दिलं, उत्तरेकडून नवी माणसं आणून वसवली, तेव्हा पाण्याची ही विद्या शिकवायला प्रत्येक गावात जुनी एक-दोन कुटुंबं ठेवून घेतली असं तिथं सांगतात.

दुपारी गावातल्या बायकांनी मोठ्या कढईत मिगास केलं, रवा, तेल, लसूण, मिरच्या परतून परतून मोकळं केलेलं, मी मांस खात नाही म्हणून ते त्यांनी बाजूला वेगळं ठेवलं होतं, अन् सोबत ऑलिव्ह. मी दोनदा घेतलं.

शेवटच्या दिवशी पाणी सोडलं. वर आजोबांनी दार उघडलं अन् आम्ही सगळे खाली पाटाच्या कडेला वाट बघत उभे. आधी नुसता आवाज, पाला सरकल्यासारखा, मग पाण्याचं तोंड दिसलं, सुकी पानं, काड्या, फेस ढकलत येणारं मातकट पाणी, आपण सावकाश चालावं त्या चालीनं. कुठं खड्डा असला की थांबायचं, तो भरला की पुढं. सगळेजण त्याच्यासोबत चालायला लागले, कुणी हातानं पाला बाजूला करतंय, कुणी गळती दिसली की मातीचा लोंदा दाबतंय, कुणी गाणं म्हणतंय. लहानपणी रात्री लाईट आली की मी आबांसोबत गव्हाला दारं धरायला जायचे, वाफ्यात पाणी येताना बॅटरीच्या उजेडात बघत बसायचे, तोच आनंद इथं मला इतक्या लांब, इतक्या लोकांत, दिवसाउजेडी मिळाला. मोरोक्कोची ती मुलगी रडत होती. तिच्या आजोळीही असेच पाट आहेत म्हणे.

एक गोष्ट मात्र तिथंही आपल्यासारखीच, गावात तरुण माणूस नाही. पोरं ग्रानादाला, बार्सिलोनाला गेली, आमची पुण्याला जातात तशी, अन् साफसफाईला हात कमी पडायलेत. म्हणून बाहेरच्या लेकरांना बोलावतात. आमच्या भागात 2016 ला काढलेले चर मी गेल्या वेळी बघितले तेव्हा बरेच गाळानं भरलेले होते. खोदायला सगळं गाव आलं होतं, गाळ काढायला दरवर्षी यायचं हे कुणी ठरवलंच नाही. इथल्या लोकांचा दरवर्षीचा नियम मला म्हणूनच मोठा वाटतो, पाटापेक्षाही.

जुलैत आम्ही काही जण मुलासेनवरही चढलो, उन्हाळ्यात कापिलेइराहून छोटी बस बरंच वर नेऊन सोडते, तिथून काही तासांची चाल. वरून समुद्र दिसतो अन् हवा स्वच्छ असल्यामुळं पलीकडं आफ्रिकेचे डोंगरसुद्धा दिसले. दमछाक झाली पण परत जायची तयारी आहे.

मग व्हॅलेन्सिया. हे फक्त एका गोष्टीसाठी केलं, रात्रभर बसमधे बसून. तिथं दर गुरुवारी दुपारी 12 वाजता कॅथेड्रलच्या दारात पाणी न्यायालय बसतं. आठ असेकियांचे आठ प्रतिनिधी, शेतकऱ्यांनी निवडून दिलेले शेतकरी, काळे झगे घालून गोल मांडलेल्या लाकडी खुर्च्यांवर बसतात. मग एकजण एकेका असेकियाचं नाव पुकारतो, कुणावर तक्रार आहे का. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी, निकाल तिथल्या तिथं अन् तो पाळावाच लागतो. कुणी पाळी नसताना पाणी घेतलं, कुणी पाट साफ केला नाही, कुणी पाणी वाया घालवलं, असली भांडणं. हजार वर्षांची परंपरा सांगतात अन् 2009 मधे युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत घेतलंय. मी गेले त्या गुरुवारी एकही तक्रार नव्हती, पाच-दहा मिनिटांत सगळं संपलं, भोवतीचे पर्यटक पांगले. मी मात्र खुश होते, आठ पाटांवर त्या आठवड्यात कुणाचं भांडण नाही यापेक्षा चांगली बातमी काय असणार. बांधावरच्या पाण्याच्या भांडणात कोर्टाच्या तारखा करत म्हातारी झालेली माणसं मी जवळून बघितलीत. त्याच चौकात एक कारंजं आहे, मधे आडवा पहुडलेला पुरुष म्हणजे तुरिया नदी अन् भोवती घागरी घेतलेल्या आठ बाया म्हणजे आठ असेकिया. 1957 च्या महापुरानंतर ती नदीच शहराबाहेर वळवली, जुन्या पात्रात आता लांबच लांब बाग आहे, दुपारभर तिथं भाड्याची सायकल चालवली.

अन् काकवी. ग्रानादापासून बसनं तासा-दीड तासावर समुद्रकिनारा आहे, मोत्रिल, सालोब्रेन्या, आल्मुन्येकार. तिथं पाठीशी असलेले बर्फाचे डोंगर उत्तरेचं गार वारं अडवतात म्हणून थंडी कमी, अन् शतकानुशतकं ऊस व्हायचा. शेवटचा साखर कारखाना 2006 मधे बंद झाला. आता उसाच्या जागी आंबा, ॲव्होकॅडो अन् चिरिमोया. चिरिमोया म्हणजे आपल्या सीताफळाचं भावंड, साल गुळगुळीत, गर जास्त, बिया कमी. थंडीत तिथल्या बाजारात गेले तर ढिगानं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे तसं इथल्या चिरिमोयालाही आहे. समुद्रावर बसून मी अन् रूममेटनं एक किलो संपवलं. तिच्या देशातही हे फळ होतं, ते मूळ अमेरिका खंडातलंच. चवीला म्हणाल तर बालाघाटातलं आपलं सीताफळ जास्त गोड, हे मी अगदी खरं सांगतेय. पण ॲव्होकॅडोला पाणी लई लागतं अन् त्या किनाऱ्यावर आता विहिरींचं पाणी खाली चाललंय, यावरून तिथं मोर्चे, बैठका चालू असतात, ते ऐकताना मला वाटत होतं मी लातूरच्या एखाद्या चहाच्या टपरीवर बसलेय.

आमच्याकडचं कुणी ग्रानादात शिकायला येणार असेल तर सांगते, पाटांची साफसफाई वसंतात असते, मार्चपासून चौकशी करत राहा, विद्यापीठात नाहीतर सरळ गावात जाऊन विचारा. खोरं, कुदळ तिथं देतात. जाड हातमोजे अन् घोट्याच्या वर येणारे बूट मात्र आपले न्या, काटे फार असतात. अन् मुक्कामाची सोय होत असेल तर पाणी सोडायच्या दिवसापर्यंत थांबाच.